आधी टायर, मग बाकीचे

डोंगरवाटेची सायकल हाती आली, की लवकरच तिचे भाग बदलण्याची हौस येते. दुकानदार हलके हँडल आणि हलकी सीट दाखवतो. अर्धा किलो वजन कमी होईल, म्हणतो. पैसे काढण्यापूर्वी थोडे गणित करा. तुम्ही ५५ किलो, सायकल १५ किलो, एकूण ७०. अर्धा किलो म्हणजे त्याचा १४० वा भाग. जोर तेवढाच लावलात, तर १४ मिनिटांच्या चढावर फार तर ६ सेकंद वाचतील! अर्धा लिटर पाणी घरी ठेवले, तरी तेवढेच.

माझ्या मते पहिला खर्च टायरांवर करावा. जमिनीला टेकतात ते तेच. रुंद टायरात हवा थोडी कमी असली, की तो खड्यावर दबतो. सायकल आणि स्वार दोघांनाही वर उचलावे लागत नाही. शक्ती वाचते, पकडही वाढते. (हवा फारच कमी केलीत, तर मात्र दगडावर आदळून ट्यूब रिमखाली चिरडेल.)

ब्रेकची रबरे झिजली असतील, तर ती लगेच बदला. साखळीला मात्र मोजपट्टी लावा. नव्या साखळीचे २४ दुवे ३०४.८ मि.मी. भरतात. ते ३०६.४ झाले, की नवी साखळी घ्या. नाहीतर ती दातेरी चक्रांचे दाते खाते, आणि चक्रे साखळीहून महाग असतात.