प्लास्टिक पेंट आणि पुरणपोळी

तीस-बत्तीस वर्षं मुलांना समास शिकवले, पण 'प्लास्टिक पेंट'ने मलाच नापास केलं! गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या विटल्या होत्या. मी विग्रह केला: प्लास्टिकसाठी पेंट. दुकानदारही म्हणाला, "लावा हो सर, चालतो." पावसाळा संपेपर्यंत पोपडे निघाले. मग कळलं, हा समास पुरणपोळीच्या जातीचा. प्लास्टिक घालून केलेला पेंट, आणि तोही भिंतीसाठी!

खुर्ची उलटी करून पाहा. त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्यावर नेहमीचा कुठलाच रंग नुसता धरत नाही, ऑइलपेंटसुद्धा नाही. साबणाने धुवा, वाळवा, बारीक पॉलिश पेपरने घासा, पॉलिप्रॉपिलीनला चालणारा खास प्रायमर मारा आणि मगच स्प्रेचे दोन-तीन पातळ हात द्या.

सूनबाई म्हणते, "बाबा, टाका ना, नवीन आणू." दुकानदार म्हणतो, "काहीही लावा, चालतं." दोघांचं ऐकलं तरी धडधाकट खुर्ची जाते भंगारातच. मला राग त्याचा आहे. डब्यावर ठळक अक्षरांत 'फक्त भिंतीसाठी' एवढं छापायला असे किती पैसे पडतात हो?