५१ आणि १०१ मिळून किती?

गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक कधी हातात घेतलंय का? गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पुढे लालबाग-परळच्या गिरणगावात तो गल्लोगल्ली पोचला. मांडव बदलले, आरास बदलली, पण हिशोब शेवटच्या रुपयापर्यंत जुळला पाहिजे हा नियम तोच राहिला.

समजा, यंदा तुमच्या चाळीतले खजिनदार काका म्हणाले, "कॉम्प्युटर शिकतेस ना? मग हिशोबाचं एक पान बनवून दे. रकमा टाकल्या की बेरीज दिसली पाहिजे." अशा पानाला जावास्क्रिप्ट ही भाषा लागते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली ती अवघ्या दहा दिवसांत उभी केली. घाईचं काम म्हणून असेल, पण आहे मोठी खोडकर!

एका खोलीचे ५१ आणि शेजारच्या खोलीचे १०१ असे तुम्ही दोन चौकटींत लिहिले. (इथे अंक मराठी छापलेत, टाइप करताना तूर्त इंग्रजी घ्या.) बेरीज किती आली? ५११०१! काका खूश, पण पेटीत तर १५२ रुपयेच!

झालं काय? चौकटीत लिहिलेलं जावास्क्रिप्टला आकडा म्हणून मिळत नाही, अक्षरं म्हणून मिळतं. आणि अधिकचं चिन्ह दोन कामं करतं. आकडे दिले तर बेरीज, अक्षरं दिली तर नुसती जोडाजोड. 'गिर' अधिक 'गाव' म्हणजे 'गिरगाव', तसंच हे. वजाबाकीच्या चिन्हाला मात्र एकच काम, त्यामुळे १०१ वजा ५१ बरोबर ५० येतात आणि चूक लवकर ध्यानात येत नाही.

उपाय सोपा. प्रत्येक रक्कम आधी 'नंबर' या सोयीच्या कंसात घाला, मग बेरीज करा. 'पार्सइंट' नावाचीही एक सोय आहे, पण तिच्यापासून जपून. कुणी १,००१ असं स्वल्पविराम देऊन लिहिलं, तर ती स्वल्पविरामाशी थांबते आणि १ रुपया जमा धरते! हजार रुपये देणाऱ्या आजोबांना काय सांगणार? 'नंबर' निदान खोटं बोलत नाही. तिथे 'नॅन' असं उत्तर येतं, म्हणजे 'हा आकडाच नव्हे'. म्हणून स्वल्पविराम आधी काढून टाका.

आता मराठी अंकांकडे वळू. चाळीतल्या आजी ५०१ मराठीतच लिहिणार, आणि त्यांनी का लिहू नये? पण त्यालाही 'नॅन'च येतं. गंमत पाहा, जावास्क्रिप्टमध्ये नाव म्हणून 'वर्गणी' हा शब्द देवनागरीत लिहिलेला चालतो, पण आकडा देवनागरीत चालत नाही! इथे युनिकोड मदतीला येतं. त्यात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. मराठी शून्याचा २४०६, एकाचा २४०७, असं करत नवाचा २४१५. म्हणजे अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की खरा अंक हाती! पाचाचा क्रमांक २४११. करा बरं वजाबाकी.

एक खोडी उरली. फळ्यावर लावायला रकमा चढत्या क्रमाने हव्यात, म्हणून 'सॉर्ट' वापरलं, तर यादी अशी आली: १००१, १०१, २५१, ५०१, ५१. शब्दकोशात शब्द लावतात तशी ती रकमा लावते, पहिलं अक्षर पाहून! रकमांचे आधी आकडे करून घेतले तरी ती तशीच लावते. तिला सांगावं लागतं की दोन रकमांची वजाबाकी करून ठरव: उत्तर ऋण आलं तर पहिली आधी, धन आलं तर दुसरी आधी. मग ५१ पहिली आणि १००१ शेवटी.

आईबाबांच्या कॉम्प्युटरवर क्रोम उघडून एफ-१२ दाबा. कन्सोल नावाची खिडकी मिळेल, तिथे हे सगळं करून पाहता येतं. आणि जाता जाता एक कोडं: चौकट रिकामीच ठेवली, तर 'नंबर' काय उत्तर देईल? 'नॅन' की आणखी काही? आधी अंदाज कागदावर लिहा, मगच बटण दाबा!