शीत कुणी निवडलं?

कार्तिकात भाताची झोडणी उरकत येते आणि खालापूर तालुक्यातल्या साजगावला बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. सुक्या मासळीच्या त्या बाजारात दोन आकडे हमखास ऐकू येतात. एक, ‘यंदा लाखांनी माणूस लोटलंय.’ दुसरा, ‘दहा शेतं कापून ह्यांनी अख्ख्या मंडळाचा उतारा ठरवला म्हणे!’ पहिला आकडा कुणी मोजलेला नसतो, तरी तो सगळ्यांना पटतो. दुसरा दोरी लावून, कापून, झोडून, तोलून काढलेला असतो आणि त्याचीच टिंगल होते. हा न्याय उफराटा आहे.

आक्षेपात दम नाही असं मात्र नाही. खालापूरची जमीन काही एका साच्यातली नव्हे. पाताळगंगेकाठचं खाचर वेगळं, डोंगराच्या पायथ्याचं वेगळं. एकाचा भात परतीच्या पावसात आडवा होतो, तर बांधापलीकडच्याचा उभा राहतो. मग पीकविम्याच्या नियमांत महसूल मंडळाला किमान दहा पीक कापणी प्रयोग पुरे, हे कुणी आणि कशाच्या जोरावर ठरवलं?

यावर आकडेवाले शितावरून भाताची परीक्षा हा दाखला फेकतात. मला तो तोकडा वाटतो. पातेल्यातला भात एका पाण्यात, एका आचेवर शिजलेला असतो, त्यातलं कुठलंही शीत चालतं. तालुका असा एकत्र शिजत नाही. म्हणूनच तिथे शीत हाताने उचलायचं नसतं, चिठ्ठीने काढायचं असतं. गाव, सर्वे नंबर, शेताच्या ठरलेल्या कोपऱ्यापासून किती पावलं लांबीला नि किती रुंदीला, हे सगळं यादृच्छिक आकड्यांवरून ठरतं. कापणाऱ्याच्या मर्जीला जागाच ठेवायची नाही, एवढाच त्यामागचा हेतू. चिठ्ठीतही नशिबाचा खेळ असतो, दहापैकी सात खाचरं चांगलीच निघू शकतात. पण ही चूक प्रयोग वाढवले की कमी होते, आणि किती कमी होईल याचं गणित आधी मांडता येतं. मर्जीने निवडलेल्या शेतांची चूक हजार शेतं कापली तरी जात नाही. 1936 साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका भरून आल्या होत्या. त्यावरून त्याने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन निवडून येणार असं छापलं, आणि रूझवेल्टने 48 पैकी 46 राज्यं जिंकली. गोळा केलेलं पुष्कळ होतं, पण ते एका बाजूचं होतं.

खरी गंमत दोरीपाशी आहे. भातासाठी दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखतात. चार खुंट्या ठोकून दोरी ताणली की काही चुडं नेमकी दोरीखाली येतात. आत घ्यायची की बाहेर टाकायची? लोंब्यांनी लगडलेलं चूड बाहेर टाकायला हात धजत नाही, आणि उतारा गुपचूप फुगतो. तुकडा जितका लहान, तितकी त्यात काठाची भर मोठी. पन्नास चौरस मीटरच्या या तुकड्याला तीस मीटर दोरी लागते, तर एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात जेमतेम तीन चौरस मीटर क्षेत्राला सव्वासहा मीटर. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात नेमकं हेच दाखवून दिलं, तेही लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते महालनोबिस यांच्यासारख्या दिग्गजाच्या विरोधात उभं राहून. आकड्यांवर शंका घ्यावी तर अशी, दोरीपाशी वाकून. ‘आकडे काय, काहीही बोलतात’ म्हणायला कष्ट पडत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे. ‘मंडळाची सरासरी चांगली, पण माझं खाचर वाहून गेलं त्याचं काय?’ 26 जुलै 2005 च्या पावसात मुंबईत सांताक्रूझला 944 मिलीमीटर नोंदले गेले आणि कुलाब्याला 73. सरासरी काढली तर पाचशेच्या वर भरते, आणि तेवढा पाऊस या दोन्ही ठिकाणी पडलेला नव्हता. सरासरीसोबत आकडे किती विखुरलेत ते सांगितलं नाही, तर निम्मी गोष्ट दडते, इथवर आक्षेप मान्य. पण म्हणून सरासरी खोटी ठरत नाही. तिला विचारलेला प्रश्न मंडळाचा होता, तुमच्या बांधाचा नव्हता. पीकविमा क्षेत्रावर आधारलेला असावा, असा आग्रह अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी धरला तोही डोळे उघडे ठेवून. प्रत्येक शेताचा पंचनामा करायचा तर माणसं कुठून आणणार, आणि पंचनामा करणाऱ्याची मर्जी कोण आवरणार? वाहून गेलेल्या खाचराची भरपाई मागावीच, पण तिचा दरवाजा वेगळा आहे. त्यासाठी उताऱ्याचं माप मोडू नये.

पैसेवारीचंही तसंच. आधी नजरअंदाज लागते, मग मोजमापावरून अंतिम आकडा येतो. तो 50 पैशांच्या आत आला की पूर्वी टंचाई ठरायची. नजरेच्या अंदाजावर गाव फारसं कुरकुरत नाही आणि मोजमापावर तुटून पडतं. खरी तक्रार वेगळी हवी. चिठ्ठीत निघालेलं खाचर चढणीच्या वाडीवर असतं, ऊन झालेलं असतं, मग रस्त्यालगतचंच कापलं जातं. नाहीतर शेतकऱ्याला निरोपच पोचत नाही आणि तो आधीच कापणी आटपून बसतो. तेव्हा जत्रेत उताऱ्यावरून हुज्जत घालणाऱ्यांनी चावडीवर जाऊन यादी मागावी. चिठ्ठीत कुठले सर्वे नंबर निघाले, त्यांतले किती कापले, किती ऐनवेळी बदलले आणि दोरी ताणताना गावातलं कोण हजर होतं, एवढं तरी विचारावं.