भिंतीचा रंग आणि कामगाराचे डोळे

निळ्या रंगाने मन शांत होते, पिवळ्याने हुरूप येतो, असे सांगून हल्ली ऑफिसे रंगवतात. रंगाचा परिणाम होतो हे आम्हीही मानतो, पण तो आधी डोळ्यांवर होतो. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. हॅरी शर्मन यांनी शस्त्रक्रियेची खोली हिरवी केली, कारण पांढऱ्या भिंतींवरच्या उजेडाने डोळे दिपत होते. मनाविषयीचे दावे मात्र तपासून घ्यावेत. १९७९ मध्ये सिॲटलच्या नौदल कोठडीला गुलाबी रंग दिला, कैदी शांत होतात म्हणून. पुढच्या चाचण्यांत तो दावा टिकला नाही.

आपल्या कितीतरी आयाबहिणी घरीच शिलाई करतात, भाऊ गाळ्यात राबतात. तिथे छत पांढरे आणि भिंती फिकट, बिनचमकीच्या असाव्यात. आहे तोच उजेड जास्त पसरतो. रंग घेताना डब्यावर शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत असल्याची नोंद पाहा. पोपडे धरलेला जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. त्यातले शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते.

१९४८ च्या कारखाना कायद्याने साध्या भिंतींना दर १४ महिन्यांनी चुना किंवा रंग सांगितला, तसाच पुरेसा उजेड आणि खेळती हवाही सांगितली. मालक नुसती भिंत निळी करून खिडकी बंदच ठेवत असेल, तर आपण गप्प का बसावे? आधी उजेड, हवा आणि विश्रांती मागू, रंग त्यानंतर.