जब्बार म्हणजे कोण?

गेल्या महिन्यात आमच्या वर्गातली एक मुलगी इथेच कळंबमध्ये चिंचेवरून पडली आणि हात मोडून घेतला. भेटायला गेलो, तर प्लास्टरकडे बघत म्हणाली, “आपा, मी फजर बुडवली होती. अल्लाहने सजा दिली.”

दादीने तसे सांगितले होते म्हणे. पण दादीला दोष कुठल्या तोंडाने द्यावा? वर्गात गोंगाट झाला की ‘अल्लाह बघतोय हं’ असे आम्हीही दटावतोच. तिच्या वहीवरचे ‘आळशी’, ‘बेपर्वा’ हे लाल शेरेही आमचेच. घरीदारी जिला आपण वाईट आहोत एवढेच ऐकायला मिळते, तिचा अल्लाह छडी घेऊनच उभा राहणार.

बेन्सन आणि स्पिल्का या अमेरिकी अभ्यासकांनी १९७३ मध्ये कॅथलिक मुलांबाबत हेच मांडले. स्वतःबद्दल बरे मत असणाऱ्यांना देव मायाळू वाटे, स्वतःला कमी लेखणाऱ्यांना झिडकारणारा. आपल्याकडे तर हदीसे कुदसीच आहे की बंदा जसे गुमान ठेवतो, तसा रब त्याला भेटतो.

श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवतात, ‘योगसंग्राम’ लिहिणारे. त्यांची भाषा आपल्यातल्या काहींना खटकेल, ती गोष्ट अलाहिदा. एका अभंगात ते केतकी, फणस, नारळ अशी रांग लावतात. वरून काटे नाहीतर टणक कवच, आत सुगंध, गोडी, पाणी. रांगेत शेवटी ते स्वतःला बसवतात, ‘अविंध’ म्हणूनच. सोवळेओवळे न पाहणारा मालिक दिसला म्हणून ते स्वतःला ओवळे समजले नाहीत, की आधी स्वतःकडे नीट पाहिले? आम्हाला ठरवता येत नाही.

मुलीला अस्मा-उल-हुस्नामधल्या ‘अल-जब्बार’ची धास्ती होती. आम्ही सांगितले, अरबीत जब्र म्हणजे जबरदस्ती, तसेच मोडलेले हाड बसवणेही. अल-ख्वारिज्मींच्या नवव्या शतकातल्या गणिताच्या किताबाच्या नावातला ‘अल-जब्र’ही तोच, त्यावरूनच अल्जिब्रा. डॉक्टरांनी तुझा हात बसवला, तोही जब्रच.

तिने विचार केला. “मग आपा, मोडला कोणी?”

“फांदी वाळकी होती, बेटा.”

दादी चहा ओतता ओतता थांबल्या. काही बोलल्या नाहीत. बशीत दोन बिस्किटे मात्र नातीसाठीही ठेवली.

घरी येऊन वह्यांचा गठ्ठा सोडला. तिचे शेरे खोडले, पण लाल शाई खालून दिसतेच.