शाल नको, पोती द्या

माजी सैनिकांना मांडवात तिष्ठत ठेवून त्यांचा सत्कार करणाऱ्यांचा मला राग येतो. सत्कारांविषयी या सदरात मी पूर्वीही लिहिलंय आणि दर वेळी कुणी ना कुणी रुसून फोन केलाय. तरीही या आठवड्यात पुन्हा तोच विषय घेतो, कारण संक्रांतीच्या दिवशी मालवण तालुक्यातल्या एका गावात जे पाहिलं, ते अजून मनातून जात नाही.

आधी दिवसाची माहिती. फील्ड मार्शल के. एम. करिअप्पा हे स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती. १५ जानेवारी १९४९ला त्यांनी सूत्रं घेतली, म्हणून तो सेना दिन. १४ जानेवारी १९५३ला ते निवृत्त झाले, म्हणून २०१६पासून १४ जानेवारी हा सशस्त्र दलांतल्या माजी सैनिकांचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याकडे त्याच दिवशी घरोघरी तिळगुळाची गडबड असते, त्यामुळे फारशा लोकांना तो ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे ते कार्यक्रम ठेवतात. इथवर सगळं चांगलंच आहे.

त्या गावातल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर सकाळी दहाची वेळ होती. माजी सैनिक साडेनऊलाच आले. कडक इस्त्रीचे कपडे, डोक्यावर पलटणीची टोपी, छातीवर पदकं. त्यातले एक आजोबा १९७१च्या लढाईतले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आलेले. प्रमुख पाहुणे साडेबाराला पोचले. तोवर पहिल्या रांगेतलं कुणी उठलं नाही, कुणी पाठ टेकली नाही. मांडवाचं कापड पातळ होतं, समुद्रावरचा वारा पडला होता, आणि त्या आजोबांना पाणी विचारावं हे शेवटी चहाच्या टपरीवरच्या पोराला सुचलं.

मग घाई सुरू झाली. निवेदकाने यादी भराभर वाचली, नुसती नावं आणि आडनावं. हुद्दा एकाचाही नाही. हवालदाराला निवृत्तीनंतर मानद नायब सुभेदार हा हुद्दा मिळतो तेव्हा त्यामागे वीस-बावीस वर्षांची निष्कलंक नोकरी असते. तो हुद्दा त्याच्या घराच्या पाटीवर असतो, लग्नपत्रिकेत असतो, आणि उद्या त्याच्या तेराव्याच्या पत्रिकेतही असणार. ज्या कार्यक्रमात तो सर्वांत मोठ्याने म्हणायला हवा, तिथेच गाळला. एका शालीची घडी मोडेपर्यंत पुढचं नाव यायचं. फोटोसाठी मात्र सगळ्यांना दोनदा उभं केलं.

भाषणं चार झाली आणि चारही भूतकाळातली. ते सीमेवर उभे होते, त्यांनी थंडीवारा सोसला, त्यांच्यामुळे आपण सुखाने झोपलो. यातलं काहीच खोटं नाही. पण समोर बसलेल्यांपैकी बहुतेक जण चाळिशीच्या आगेमागे पलटण सोडून गावी आले. शिपाई म्हणून भरती झालेला जवान माणूस ऐन उमेदीत निवृत्त होतो, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं तो आपल्यात, आपल्याच वाडीत काढतो. या वर्षांत त्याने काय केलं, आज तो काय करतोय, हे एकाही वक्त्याने विचारलं नाही.

आमच्या वाडीतले सुभेदार त्या रांगेत होते. वाचकांना ते ठाऊक आहेत. दोन पावसाळ्यांपूर्वी साकवावर लिहिलं होतं ते हेच. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, रस्ता मोकळा करणारा, सुरुंग काढणारा सैनिक. याच दलातले, आपल्या शेजारच्या कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे यांना १९४८च्या एप्रिलमध्ये नौशेरा–राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिल्याबद्दल परमवीरचक्र मिळालं. गोळीबार चालू असताना त्यांनी रस्ता मोकळा केला. सुभेदारांच्या ओटीवर राण्यांचा फोटो आहे, देवाच्या फोटोच्या बरोबरीने.

तर हे सुभेदार निवृत्त होऊन आले तेव्हा आमच्या व्हाळावर पावसाळ्यात पलीकडे जायला दोन पोफळी टाकलेल्या असत. पहिल्याच वर्षी त्यांनी माडाचे खांब रोवून, आडवे वासे बांधून, हाताला धरायला दोर लावून साकव उभा केला. तेव्हापासून मिरगाच्या आधी तो साकव त्यांच्या देखरेखीखाली बांधला जातो. शाळेत जाणारी पोरं त्यावरून जातात, बाळंतपणाला निघालेली बाई त्यावरून गेली आहे, मयतही त्यावरून गेलं आहे. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, वाडीतली वीज कित्येक दिवस गेली, रस्त्यावर माड आणि फणस आडवे पडले. दुसऱ्या दिवशी पहाटे कोयती, करवती आणि दोरखंड घेऊन पोरांना रांगेत उभं करणारे सुभेदारच होते. कोण कापणार, कोण ओढणार, विजेच्या तारेजवळ कुणी जायचं नाही, हे त्यांनी आधी ठरवून दिलं, मग कामाला हात लावू दिला. एकालाही खरचटलं नाही.

आणि बंधारा. सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वाडीवाडीत विहिरी तळ दाखवतात, हे आपलं जुनं दुखणं. त्यावर आपल्या जिल्ह्यात पावसाळा सरला की कच्चे आणि वनराई बंधारे घालतात. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती-वाळू भरायची, व्हाळात रचायची, पाणी अडवायचं. खर्च जवळजवळ नाही. हवेत ते हात. आमच्या व्हाळावर हा बंधारा पडतो म्हणून खालच्या कुणग्यांत वायंगण होतं, बायकांना लाल भाजी आणि चवळी करता येते, आणि वरच्या विहिरींना फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी टिकतं. यंदा माणसंच जमली नाहीत. निम्मी वाडी मुंबईला, उरलेली पर्यटकांच्या मागे. पोतीही कमी पडली. बंधारा अर्ध्यावर आहे आणि पाणी रोज समुद्राकडे चाललंय.

कार्यक्रम संपल्यावर मी सुभेदारांबरोबर चालत निघालो. शाल हातावर घेतलेली, नारळ पिशवीत. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शाल घेवन काय करू? माका रिकामी पोती होयी. चार झील इले, तर दुपारपर्यंत बंधारो उभो." थोडं पुढे जाऊन पुन्हा म्हणाले, "माझा नाव घेतल्यानी नाय तरी चलात. व्हाळाचा घेवक होया होता."

त्यांच्या घरी वयनीने लिंबाचं सरबत दिलं. ही बाई नवरा आसामात आणि काश्मिरात असताना एकटीने दोन पोरं वाढवत होती, सासूचं आजारपण काढत होती, शेत लावत आणि कापत होती. त्या दिवशी ती मांडवात बायकांच्या शेवटच्या रांगेत होती. तिला व्यासपीठावर बोलवावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. सैनिकाच्या निवृत्तीबरोबर त्याच्या बायकोचीही एक मोठी नोकरी संपलेली असते, आणि तिला त्यासाठी ना पदक ना हुद्दा.

मान कसा द्यायचा हे आपल्याला शिकवावं लागू नये. दसऱ्याला देवाची तरंगं निघतात. ज्याच्या खांद्यावर तरंग, त्याचा मान. पण ते घेऊन त्याला चालावं लागतं, आणि आपण त्याला एकटं चालू देत नाही. पुढे ढोल, बाजूला अब्दागीर, मागे सगळा गाव. थकला तर दुसरा खांदा तयार असतो. सुभेदारांच्या खांद्यावर इतकी वर्षं वाडीचा साकव आहे, बंधारा आहे. त्यांच्या मागे गाव कुठे आहे?

हे एका माणसाचं नाही. आंबोली घाट चढून बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात भरती व्हायची सावंतवाडीकडच्या गावांची पिढ्यांची वाट. चौकुळसारख्या गावात तर सैन्यात कोण नाही ते विचारावं. आंबोलीचे पांडुरंग गावडे २०१६च्या मे महिन्यात कुपवाड्यात धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. त्याच आंबोलीत माजी सैनिकांच्या पुढाकारातून सैनिकी शाळा उभी राहिली. मालवण तालुक्यात किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र उभं आहे, त्यामागे ब्रिगेडियर सुधीर सावंत यांची संस्था आहे. त्यांच्या राजकारणाविषयी ज्याला जे वाटेल ते वाटो, शेतकऱ्याला तिथे जाऊन आंब्याविषयी विचारता येतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि ज्यांची नावं कुठेच येत नाहीत असे कितीतरी: पहाटे मैदानावर भरतीच्या पोरांना सोळाशे मीटर पळवणारे हवालदार, पैसे न घेता; ग्रामपंचायतीत अर्ज लिहून देणारे सिग्नलवाले; रक्तदानाला सर्वांत आधी येणारे.

तारकर्लीला ४ डिसेंबर २०२३ला नौदल दिन झाला, तेव्हाचा असाच एक माणूस आठवतो. नौदलातून निवृत्त झालेला, आता किनाऱ्यावर पोरांना पोहायला शिकवणारा. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांच्या. हा मागे वाळूत उभा होता आणि भोवती जमलेल्या पोरांना समोरच्या युद्धनौका एकेक करून समजावत होता: ही काय करते, तिच्यावर किती माणसं, रात्री तिथे झोपायचं कसं. पोरं विमानं सोडून त्याच्याकडे बघत होती. त्या संध्याकाळी त्या किनाऱ्यावर त्याच्याइतकं नौदल कुणी समजावून सांगितलं नसेल.

नौदलाचं निघालंच आहे तर गुलदारविषयी बोललं पाहिजे. आयएनएस गुलदार ही रणगाडे आणि सैन्य थेट किनाऱ्यावर उतरवणारी नौका. पोलंडमध्ये ग्दिनियाला बांधलेली, ३० डिसेंबर १९८५ला नौदलात आली आणि १२ जानेवारी २०२४ला पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाली. लांबी जवळजवळ ८४ मीटर. आपल्या निवतीच्या समुद्रात ती तळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करायची योजना आहे, त्यासाठी केंद्राकडून ४६.९१ कोटी मंजूर झाले. मला ही योजना मनापासून आवडते. बोटीतलं तेल आणि घातक पदार्थ काढून ती स्वच्छ करायची, जागा नीट निवडायची, मग हळूहळू तिच्यावर प्रवाळ वाढेल, मासे घर करतील, पाणबुडे जातील, निवतीच्या पोरांना रोजगार मिळेल. निवृत्त झालेल्या लोखंडाचा पुढे उपयोग काय, यावर नौदल, पर्यटन महामंडळ, अभ्यासक अशी इतकी डोकी बसली. नकाशे निघाले, खोली मोजली, पैसे मंजूर झाले.

त्या बोटीवर जी माणसं होती, त्यांच्यातलाही कुणी आपल्या किनाऱ्यावर परतला असेल. तो काय जाणतो, त्याला काय करावंसं वाटतं, त्यासाठी त्याला काय लागेल, हे त्याला विचारायला कोण गेलं? पेन्शन आहे, उपचारांची योजना आहे, राज्याने २०२०मध्ये घरपट्टीची सूट दिली, हे सगळं हवंच आणि त्यात जे अडलंय ते सुटायलाही हवं. पण हा त्याचा हक्क झाला. त्याच्या हातातल्या कसबाची चौकशी वेगळी, आणि ती ग्रामपंचायतीलाच करता येईल. कार्यालयात एक वही ठेवावी. गावात कोण माजी सैनिक, कुठल्या दलातला, काय येतं: पूल, वायरलेस, वाहनदुरुस्ती, प्रथमोपचार, बुडत्याला वाचवणं. वादळ आलं की पहिला फोन कुणाला करायचा ते कळेल. आणि तो माणूस आज जे काम करतोय त्याला काय कमी पडतंय, तेही त्याच वहीत लिहावं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. इतर गावांतल्या वाचकांनीही द्यावा.

हे आताच व्हायला हवं, कारण आता परतणारी माणसं आणखी तरुण असतील. २०२२मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी चारातला एकच अग्निवीर कायम होणार, बाकीचे तीन सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन तेविशी-पंचविशीत घरी येणार. त्यांच्यात आमच्या तालुक्यातलीही पोरं असणार. त्यांना पेन्शन नाही. आल्या आल्या त्यांच्या अंगावर शाल टाकून आपण मोकळे झालो, तर ती पोरं मुंबईच्या कुठल्यातरी इमारतीच्या दारावर पहारा करायला निघून जातील, आणि सैन्याने त्यांना जे शिकवलं ते आपल्या वाडीला कधी दिसणारच नाही. सुभेदारांची भिस्त याच पोरांवर आहे. "तेंका पाठवा माझ्याकडे," ते म्हणाले, "बांध कसो घालूचो तां तरी शिकयतंय."

तोवर त्यांच्या हाताखाली आपण आहोत. येत्या रविवारी सकाळी सात वाजता व्हाळावर काम सुरू होईल. वाडीच्या आसपासच्यांना जागा माहीत आहे, लांबच्यांनी आमच्या कार्यालयात विचारावं. रिकामी सिमेंटची पोती, सुतळी, फावडी, घमेली, जे असेल ते आणा. घरात पोती पडून असतील आणि यायला जमत नसेल, तर आदल्या दिवशी पोचती करा. दुपारच्या पेजेची आणि सुक्या बांगड्याची सोय वयनीने आपल्याकडे घेतली आहे, तेव्हा किती जण येणार ते शुक्रवारपर्यंत कळवा.