तारीख नसलेली वचने

मतदारांना वचन देतो तो मुख्यमंत्री आणि त्याची आघाडी. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी कोल्हापुरात तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी महायुतीची दहा वचने जाहीर केली. लाडकी बहीण योजनेतल्या महिलांना दरमहा १,५०० ऐवजी २,१०० रुपये, शेतकऱ्यांना कर्जमाफी, अंगणवाडी व आशा सेविकांना दरमहा १५,०००, वीजबिलात ३० टक्के कपात अशी ती यादी होती. दहांपैकी मुदत होती ती एकालाच: सरकार आल्यावर शंभर दिवसांत ‘व्हिजन महाराष्ट्र २०२९’ सादर करण्याच्या वचनाला. आराखड्याला मुदत होती, पैशाला नव्हती.

२३ नोव्हेंबरच्या निकालात महायुतीच्या तीन पक्षांना मिळून २८८ पैकी २३० जागा मिळाल्या, नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४. ५ डिसेंबरला देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. वचने जाहीर करणारा उपमुख्यमंत्री झाला, तिजोरीची किल्ली दुसऱ्या उपमुख्यमंत्र्याकडे, अजित पवारांकडे गेली आणि उत्तरदायित्व तिघांत वाटले गेले. कोणाच्या वाट्याला किती आले, हे २०२५ सरत आले तरी कळलेले नव्हते.

१० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी ठेवले. आदल्या वर्षी ही तरतूद ४६,००० कोटी होती. २,१०० चा उल्लेख नव्हता. जाहीरनामा पाच वर्षांचा असतो, असे सभागृहात सांगण्यात आले. जुलैत २६.३४ लाख लाभार्थ्यांचे हप्ते थांबवले गेले. सुमारे सव्वादोन कोटी बहिणी उरल्या. त्यांना दरमहा सहाशे रुपये वाढवून द्यायचे तर वर्षाला १६,२०० कोटी लागतात. हा हिशेब करायला अर्थखाते लागत नाही, आणि तो कोल्हापुरातही करता आला असता. सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली. वाढीव सहाशेचा विषय मागे पडला आणि नाशिकच्या पंचवटीतल्या सेवा केंद्रापुढच्या रांगेत ओटीपी का येत नाही, हाच प्रश्न उरला.

कर्जमाफीच्या वचनाची तऱ्हा अधिक वाईट, कारण तारीख नसलेली कर्जमाफी शेतकऱ्याचे सरळ नुकसान करते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते बिनव्याजी पडते. माफी येणार असे निवडणुकीत ऐकलेला नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा वा चांदवडचा शेतकरी मार्चअखेर भरणा करीत नाही. आज भरले आणि उद्या माफी आली तर भरणारा मूर्ख ठरतो, हे त्याने २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन माफ्यांत पाहिलेले असते. भरणा चुकला की व्याज सवलत जाते. खाते थकीत होते, नवे पीककर्ज मिळत नाही, मग खते-औषधे कृषी सेवा केंद्रातून उधारीवर येतात आणि त्या उधारीचा दर कोणत्याही शासन निर्णयात नसतो. २८ मार्च २०२५ ला अजित पवारांनी ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरा, असे बजावले. हातात तीन दिवस होते. एप्रिलच्या सुरुवातीला नाशिक तालुक्यातल्या माडसांगवीत, याच जिल्ह्यातल्या सिन्नरचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी, कर्जमाफीच्या पैशांतून साखरपुडे आणि लग्ने होतात, असे शेतकऱ्यांनाच ऐकवले. नंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. कर्जमाफी केव्हा, यावर वर्षभर एकच उत्तर मिळत राहिले: योग्य वेळी.

वचन मोडले म्हणून न्यायालयात जाता येत नाही. एस. सुब्रमण्यम बालाजी विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी, जाहीरनाम्यातली आश्वासने ही लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खालचा भ्रष्ट आचार ठरत नाहीत, असा निर्वाळा दिला. मात्र जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे करावीत, असे निवडणूक आयोगाला सांगितले. त्यानुसार आदर्श आचारसंहितेत भर पडली: वचनामागचे कारण आणि पैसा कोठून येणार, हे पक्षांनी ढोबळमानाने तरी सांगावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने याचा तक्ताच पक्षांपुढे ठेवला. विरोधकांचेही वेगळे नव्हते. महाविकास आघाडीने २०२४ मध्ये महिलांना ३,००० रुपये आणि तीन लाखांपर्यंत कर्जमाफी कबूल केली होती. तो पैसा कोठून येणार, याचे समाधानकारक उत्तर तिकडेही नव्हते.

नाशिककरांना हा प्रकार नवा नाही. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत मुख्यमंत्री फडणवीस यांनी नाशिक दत्तक घेत असल्याचे जाहीर केले आणि १२२ पैकी ६६ जागा भाजपला मिळाल्या. दत्तक शहराला काय द्यायचे, हे कोठे लिहिलेले नसल्याने मागायचे तरी काय, हा प्रश्न होता. निओ मेट्रोचे तसे नव्हते. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटींचा आकडा आला. ती धावली नाही, पण आकडा छापलेला असल्याने ती कोठे आहे, असे निदान विचारता तरी येते.

विचारायचे कोणाला, हा पुढचा पेच. विरोधी पक्षनेतेपदासाठी प्रथेने लागणारे दहा टक्के, म्हणजे २९ आमदार एकाही विरोधी पक्षाकडे नव्हते, त्यामुळे २०२५ मध्ये विधानसभेतले ते पद रिकामे होते. ऑगस्टअखेर विधान परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची मुदत संपली आणि तेथेही तेच झाले. नाशिकमध्ये तर मार्च २०२२ पासून २०२५ संपेपर्यंत महापालिकेत नगरसेवक नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये मंत्री गिरीश महाजन यांचे नाव पालकमंत्री म्हणून आले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती मिळाली. भुसे, भुजबळ, कोकाटे, झिरवाळ असे चार मंत्री असलेल्या, सिंहस्थ तोंडावर आलेल्या जिल्ह्याला पालकमंत्री नव्हता!

सरकारला हिशेब ठेवता येत नाही, असे मात्र नाही. जानेवारीत मुख्यमंत्र्यांनी सर्व खात्यांना शंभर दिवसांचा कार्यक्रम दिला, भारतीय गुणवत्ता परिषदेकडून गुण मोजून घेतले आणि १ मे रोजी निकाल लावला. ८० टक्के गुण मिळवून पहिला आला तो महिला व बालविकास विभाग, लाडकी बहीण योजना चालवणारा. संकेतस्थळे, स्वच्छता, तक्रारींचा निपटारा यांना गुण होते. दहा वचनांना त्याच मोजपट्टीत बसवायला कोणाची हरकत होती?

याच वर्षी पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय सरकारला २९ जूनला मागे घ्यावा लागला. शासन निर्णयावर तारीख होती, म्हणून लोकांना तो धरता आला. जाहीर सभेतल्या वाक्याला असे काही धरायला नसते.

लेखी वचनाचाही पाठलाग करावा लागतो, हे किसान सभेच्या लाँग मार्चने दाखवले. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून सुरगाणा, पेठ, कळवणकडचे आदिवासी शेतकरी निघाले, सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला आझाद मैदानावर पोहोचले. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्री चालून काढला. सरकारने लेखी दिले: वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. मुदत उलटून गेली, तेव्हा फेब्रुवारी २०१९ मध्ये ते पुन्हा निघाले. मार्च २०२३ मध्ये मोर्चा दिंडोरीहून निघाला आणि तोवर मोर्चेकरी बरेच शिकले होते. तेव्हाचे मुख्यमंत्री शिंदे यांनी सभागृहात निवेदन केल्यावरही ते वासिंदच्या मैदानावरून हलले नाहीत. अंमलबजावणीचे आदेश जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचू देत, मग उठू, असे त्यांचे म्हणणे होते. वचनाचा माग कोठवर घ्यायचा, याची इतकी नेमकी समज मंत्रालयाच्या आवारातही क्वचित आढळते.

ज्यांना चालत जाणे जमत नाही त्यांच्यासाठी विधिमंडळाचा रस्ता आहे. जाहीरनाम्यातले वचन सभागृहात बंधनकारक नसते. पण मंत्र्याने सभागृहात ‘करू’ म्हटले की ते आश्वासन होते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरला अधिवेशन झाले. नाशिक जिल्ह्यातले चार आमदार तेव्हा मंत्री असल्याने त्यांना स्वतः प्रश्न विचारता येत नव्हता, उरलेल्या अकरांना येत होता. २,१०० रुपये कोणत्या महिन्यापासून आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली, कर्जमाफीत कोणत्या तारखेपर्यंतची थकबाकी धरणार, वेळेत फेडणाऱ्याला काय मिळणार, आणि या सगळ्याचे उत्तर कोणता सचिव देणार: एवढे चार तारांकित प्रश्न पुरले असते. मतदारसंघातल्या आमदाराने ते टाकले की नाही, हे विधिमंडळाच्या प्रश्नोत्तर यादीत पाहता येते.